महाविद्यालयीन ॲथलेटिक्स प्रशिक्षकाची कारकीर्द मोजायची कशी?

नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात नुकतेच रुजू झालेले शारीरिक शिक्षण संचालक विचारतात की, त्यांच्याकडील ॲथलेटिक्सचे ज्येष्ठ प्रशिक्षक या वर्षी निवृत्त होत आहेत, गौरवपत्रासाठी खेळाडूंच्या पदकांची लांबलचक यादी हाताशी आहे, पण त्यातले नेमके कोणते यश प्रशिक्षकाच्या नावावर मांडावे हे ठरत नाही. शिवाय स्वतःच्या कामाची नोंद पहिल्या वर्षापासून कशी ठेवावी, हेही त्यांना समजून घ्यायचे आहे. नाशिकच्या मैदानांवर महाविद्यालयीन मुलामुलींना धावायला, उड्या मारायला आणि फेकायला शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयीन प्रशिक्षकाची कारकीर्द पदकांच्या यादीवरून मोजू नये. खेळाडू प्रथम वर्षाला मैदानावर आला तेव्हाची त्याची कामगिरी आणि पदवी घेऊन गेला तेव्हाची कामगिरी, या दोन आकड्यांमधले अंतर हेच प्रशिक्षकाचे काम होय. त्याला तिसरी नोंद जोडावी ती एवढीच की, महाविद्यालय सोडल्यावर तो खेळाडू मैदानावर टिकला की नाही. पदके यांच्या मागोमाग येतात, कधी येतही नाहीत, आणि कधी कधी या तिन्हींपैकी काहीही नसताना मिळून जातात.

ही शेवटची गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल, पण स्पर्धांची रचना पाहिली की उलगडा होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा खेळाडू आधी आपल्या विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, तिथून आंतरविभागीय स्पर्धेत पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगरच्या खेळाडूंशी त्याची गाठ पडते, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाऊन पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. शंभर मीटर किंवा पंधराशे मीटरला विभागीय स्पर्धेत हिट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, घ्याव्या लागतात एवढी गर्दी असते. हातोडाफेक, बांबू उडी किंवा चालण्याच्या शर्यतीला मात्र कित्येकदा तीन-चारच प्रवेशिका येतात. तिथे नाव नोंदवून शर्यत नियमानुसार पूर्ण केली तरी गळ्यात पदक पडते. दोन्ही पदके अहवालात ‘विभागीय सुवर्ण’ म्हणूनच छापली जातात. दुसरीकडे, अखिल भारतीय स्पर्धेत अंतिम फेरी गाठून सातवा आलेला मुलगा यादीत कुठेच दिसत नाही, आणि माझ्या हिशेबी त्या वर्षातले सर्वांत मोठे यश बहुधा त्याचेच असते.

पदक आणि कामगिरी यांच्यातला फरक समजायला आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण पुरेसे आहे. कविता राऊतने ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत मिळवले. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला तिने ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद अशी वेळ दिली आणि ती दुसरी आली. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एक सेकंदसुद्धा नव्हती. दोन शर्यतींमध्ये सव्वा मिनिटाच्या आसपास फरक आहे. नुसते ‘कांस्य’ आणि ‘रौप्य’ असे दोन शब्द लिहून ठेवले, तर या धावपटूने त्या हिवाळ्यात काय करून दाखवले ते कोणालाही कळणार नाही. वेळ लिहिली की कळते. म्हणून गौरवपत्रात पदकापुढे वेळ, अंतर किंवा उंची लिहिलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

आता श्रेयाचा प्रश्न. महाविद्यालयीन प्रशिक्षकाकडे खेळाडू मधल्या मुक्कामावर येतो. त्याच्या आधी एखाद्या आश्रमशाळेतल्या किंवा माध्यमिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने त्याला ओळखलेले असते, आणि त्याच्यानंतर सेनादल, रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमाचा प्रशिक्षक त्याला पुढे नेतो. कविता त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची. नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडली आणि ओएनजीसीच्या नोकरीने तिला पूर्णवेळ सरावाची मोकळीक दिली. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव हीसुद्धा विजेंद्र सिंग यांचीच शिष्या. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच हजार मीटरचे कांस्य घेतले आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य. अशा प्रत्येक नावामागे कोणी तरी पहिला गुरुजी असतो, ज्याने पोरीच्या घरी जाऊन बापाला समजावलेले असते. त्याचे नाव कोणत्याही अहवालात नसते. तुमच्या प्रशिक्षकांच्या गौरवपत्रात खेळाडूंच्या नावापुढे ‘शालेय मार्गदर्शक’ असा एक रकाना ठेवा. निवृत्त होणाऱ्या माणसाचा त्यात काडीचाही कमीपणा होत नाही.

उलट बाजूही आहे. काही प्रशिक्षकांची सगळी कीर्ती एकाच शिष्येशी जोडलेली असते आणि तरीही ती पूर्ण कमावलेली असते. ओ. एम. नंबियार यांनी पी. टी. उषाला शाळकरी वयात हेरले आणि ती वेगवान धावपटू असताना तिला चारशे मीटर अडथळ्यांकडे वळवले. महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८४ मध्ये, आणि त्याच शर्यतीत उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. पुढच्या वर्षी प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते. कुस्तीचे भालचंद्र भागवतही त्याच यादीत होते. नंबियारांच्या शिष्येला ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते, आणि त्यावरून त्यांच्या कामाचे मोल कोणी कमी धरले नाही. त्यांनी योग्य वेळी योग्य शर्यत निवडली, हे त्यांचे खरे काम होते. आपल्याकडे मात्र मुलगा आला, सडपातळ दिसला, आदिवासी पट्ट्यातला आहे असे कळले, की त्याला डोळे झाकून पाच हजार मीटरला घालायची पद्धत पडून गेली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून लांब पल्ल्याचे धावपटू आले हे खरेच, पण त्याच वाड्यापाड्यांवरच्या कित्येक मुलांचे पाय तिहेरी उडीचे असतात, आणि ते तपासण्याची तसदी आम्ही घेत नाही. जागेवरून लांब उडी, तीस मीटरची दौड आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून मेडिसिन बॉल फेकणे, एवढ्या तीन चाचण्यांना एक सकाळ लागते. खेळाडूची शर्यत त्यानंतर ठरवावी.

मुले सापडतात कुठे, हाही प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल, कारण महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर नोटीस लावून कोणी येत नाही. माझा अनुभव असा की, चांगला धावपटू भरतीच्या गर्दीत लपलेला असतो. पहाटे पाच-साडेपाचला कोणत्याही मोठ्या मैदानावर जा. सैन्यभरती आणि पोलीसभरतीची तयारी करणारी मुले घोळक्याने फेऱ्या मारताना दिसतील. पोलीसभरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय दोघांना शंभर मीटर आणि गोळाफेक असते. सैन्याच्या भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते. या मुलांचा सराव एकाच गोष्टीभोवती फिरतो: दिलेल्या वेळेत पोहोचणे. रोज तेच अंतर, रोज जीव तोडून. त्यात एखादा मुलगा असा असतो की फेरी संपल्यावर बाकीचे गुडघ्यावर हात टेकून वाकलेले असताना तो बाजूला उभा राहून बुटाची नाडी बांधत असतो. त्याचा श्वास पाहा. दीड मिनिटात तो बोलू लागला आणि त्याची वेळ इतरांपेक्षा वीस-पंचवीस सेकंदांनी कमी असली, तर त्याला जवळ बोलवा, कोणत्या वर्गात आहे ते विचारा, आणि पहिल्याच दिवशी ‘भरती सोड’ असे चुकूनही म्हणू नका. भरती हा त्याच्या घरच्यांचा हिशेब आहे. त्याला सांगायचे ते असे की, आठवड्यातले दोन दिवस सावकाश लांब धाव, एक दिवस चढाची धाव आणि एक दिवस विश्रांती घेतलीस तर तुझी भरतीची वेळसुद्धा सुधारेल. ती सुधारते, आणि मग तो आपणहून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेबद्दल विचारू लागतो.

नाशिकमध्ये चढाला तोटा नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, हिवाळ्यातली थंडी सरावाला अनुकूल, पांडवलेणीचा डोंगर शहराला लागून आणि त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी. चढावर धावताना पाय जमिनीवर आपटत नाहीत, गुडघा आपोआप वर येतो आणि नडगीचे दुखणे कमी होते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की आम्ही डांबरी रस्त्यावर जायचो, पण तिथे मुलांच्या नडग्या धरतात, म्हणून पावसाळ्याचे दोन-अडीच महिने पायाची ताकद आणि पायऱ्यांचे व्यायाम यांवर घालवणे मला नेहमीच पटले.

वेळापत्रकाचा मुद्दा मात्र नाशिकचा खास आहे, आणि त्यावर कुठल्याही प्रशिक्षण अभ्यासक्रमात एक ओळसुद्धा सापडणार नाही. महाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम साधारण पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि थंडीत रंगतो. दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी नेमकी त्याच वेळी येते. बागायतदाराचा मुलगा घरच्या कामात अडकतो; पेठ-सुरगाण्याकडच्या कुटुंबातली मुलगी भात निघाल्यावर आईबापांबरोबर त्याच बागांत मजुरीला येते. दोघेही तीन आठवडे मैदानावर दिसत नाहीत आणि प्रशिक्षक त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा मारून मोकळा होतो. याला दोन उपाय आहेत, तेही अर्धेमुर्धे. एक म्हणजे खेळाडूचा ताकदीचा आणि पायऱ्यांचा मोठा सराव जुलै-ऑगस्टमध्येच उरकायचा, म्हणजे छाटणीच्या काळात फक्त कमावलेली तयारी टिकवायची राहते, आणि आठवड्यातून तीन वेळा बांधावर किंवा शिवाररस्त्यावर पाऊण तास धावले तरी भागते. दुसरा म्हणजे मालकाशी बोलायचे. द्राक्षबागायतदार हा व्यवहारी माणूस असतो, पण पोरगी विद्यापीठाच्या संघात आहे हे कळल्यावर तिला सकाळची एक तासाची सूट देणारे बागायतदार मी पाहिले आहेत. एकाने तर तिला बूट घेऊन दिले.

आहाराबद्दल फार पाल्हाळ लावत नाही, कारण महागड्या डब्यांची नावे सांगणारे तज्ज्ञ गल्लोगल्ली झाले आहेत. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, भात, अंडी आणि ऋतूप्रमाणे पालेभाजी, एवढे पोटभर मिळाले तर महाविद्यालयीन धावपटूला वरून काही लागत नाही. अडचण ‘पोटभर’ या शब्दात आहे. वसतिगृहाचा सकाळचा डबा साडेनऊला येतो आणि सराव साडेसातला संपतो, तेव्हा मधले दोन तास मूल उपाशी असते. या दोन तासांसाठी शेंगदाणे-गूळ आणि दोन केळी यांची सोय जिमखान्याच्या खर्चातून लावणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. लांब पल्ल्याच्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी मात्र मोसमाच्या सुरुवातीला आणि मध्यावर करून घ्याच. बारा ग्रॅमच्या खाली आकडा आला की ती मुलगी आळशी झालेली नसते, तिच्या रक्तात बहुधा लोह कमी असते, आणि अशा वेळी जास्त सराव देणारा प्रशिक्षक तिला मैदानावरून कायमचा घालवतो. मासिक पाळीबद्दल पुरुष प्रशिक्षकाशी मुली बोलत नाहीत, तेव्हा महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापिकाबाईंना या कामात सुरुवातीपासून सोबत घ्यावे. गोळ्या, पावडरी, ताकदीची इंजेक्शने यांबाबत एकच नियम पाळा: खेळाडूने सर्दीचे औषधसुद्धा डॉक्टरला ‘मी खेळाडू आहे’ असे सांगूनच घ्यावे. उत्तेजक चाचणीत नमुना सदोष आला तर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

आता नोंदींकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात ढिसाळपणा असतो. वेळ कशी घेतली हे लिहिल्याशिवाय वेळेला अर्थ नाही. हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेली शंभर मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा कमीच दिसते, कारण माणूस धूर पाहून किंवा आवाज ऐकून बटण दाबतो, तोवर धावपटू निघालेला असतो; तुलना करताना स्टॉपवॉचच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, चारशे मीटरला ०.१४. तुमच्या मैदानावरचा ‘अकरा सेकंदांचा’ मुलगा पुण्याच्या सिंथेटिक ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक वेळेत ११.२४ धावला, तर तो जराही मागे गेलेला नाही, आणि हे त्याला आधीच सांगितले नसेल तर परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसतो.

मैदानाची आखणीही अशीच. फक्की मारून ट्रॅक आखणे हे शिपायाचे काम समजून सोडून देणारे संचालक मी बरेच पाहिले. लेनची रुंदी १.२२ मीटर असते. आतली कड उंच (कर्ब) असेल तर पहिल्या लेनचे अंतर तिच्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात, बाकीच्या लेनचे आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटरवर. त्यामुळे पूर्ण एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू ७.०४ मीटर पुढे उभा राहतो आणि तिसऱ्यापासून प्रत्येक लेनला सुमारे ७.६७ मीटरची भर पडते. सगळ्याच लेनना ७.६७ धरले की दुसऱ्या लेनपासून पुढच्या सर्वांना सुमारे त्रेसष्ट सेंटीमीटर फुकटचे मिळतात. मैदान दोनशे मीटरचे असो वा चारशेचे, एका फेरीचा हा स्टॅगर, म्हणजे पुढे उभे राहण्याचे अंतर, बदलत नाही, कारण तो लेनच्या रुंदीवर ठरतो. दोनशे मीटरच्या मैदानावर चारशेची शर्यत पूर्ण लेनमधून घ्यायची असेल तर तो दुप्पट होतो. जिल्ह्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांकडे दोनशे मीटरचेच मुरमाड मैदान आहे, तेव्हा हे हिशेब पाठ असलेले बरे. आखणी चुकलेल्या ट्रॅकवरचा ‘महाविद्यालयाचा विक्रम’ वर्षानुवर्षे फलकावर राहतो आणि मग तो मोडण्यासाठी चांगली मुले उगाच झुरत बसतात.

प्रशिक्षकाच्या चारित्र्याची परीक्षा मात्र घड्याळाने होत नाही; ती सर्वसाधारण विजेतेपदाच्या ढालीने होते. ढाल गुणांवर मिळते, म्हणून व्यवस्थापनाला वाटते की चांगल्या धावपटूने पंधराशे, पाच हजार, दहा हजार आणि शेवटी रिले असे सगळेच पळावे. तो पळतोही, कारण नाही म्हणण्याचे त्याचे वय नसते. दोन दिवसांत एवढे केल्यावर पुढच्या आंतरविभागीय स्पर्धेला त्याचे पाय उरत नाहीत. याच्याच जोडीला रस्त्यावरच्या शर्यती आल्या. हिवाळ्यातल्या रविवारी कुठे ना कुठे दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन असते, रोख बक्षीस असते, आणि ज्या मुलाच्या घरी महिन्याला पाच हजार रुपयेही येत नाहीत त्याला ‘पळू नकोस’ हे सांगायचा अधिकार आपल्याला किती, हा प्रश्न मला कायम अवघड गेला. मी बंदी घातली नाही. मोसमात दोन शर्यती निवडून दे, बाकी सोड, असा सौदा केला, आणि त्या बदल्यात त्याच्या बुटांचा आणि प्रवासाचा खर्च महाविद्यालयाकडून मिळवून द्यायचे काम अंगावर घेतले. मराठा विद्या प्रसारक समाजाची मॅरेथॉन नाशिकच्या मुलांसाठी प्रतिष्ठेची आहे, ती बहुतेकांच्या दोनांत असायचीच. जो प्रशिक्षक ढालीसाठी मुलाला चार शर्यती पळवतो त्याच्या यादीत पदके जास्त दिसतील. तुम्ही त्याच यादीत पुढे जाऊन पाहा, तृतीय वर्षाला त्यातली किती नावे उरली आहेत.

मैदानी प्रकारांकडेही एक नजर टाका. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, उड्या यांत बहुतेक महाविद्यालयांना प्रशिक्षकच नसतो, त्यामुळे तुमच्या निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षकांनी एखादा भालाफेकपटू चाळीस मीटरवरून पंचावन्नवर नेला असेल, तर पदक नसले तरी ती नोंद गौरवपत्रात वरच्या बाजूला यायला हवी. आठशे ग्रॅमचा भाला विकत घेणे, तो मोडल्यावर पुन्हा मागणे, फेकीच्या वेळी समोरून क्रिकेट खेळणाऱ्यांना हटवणे, हे सगळे त्या पंधरा मीटरांत आलेले असते.

खेळाडू पुढे काय झाला, ही तिसरी नोंद. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. विद्यापीठ पातळीची कागदपत्रे, सहभागाचे पत्र, निकालपत्रक हे सर्व महाविद्यालयाच्या दप्तरात जपून ठेवले नसेल तर दहा वर्षांनी मूल तुमच्या दारात उभे राहते आणि त्या वेळचे संचालक बदलून गेलेले असतात. मी प्रत्येक मोसमाच्या अखेरीस अधिकृत निकालपत्रकाच्या छायाप्रती खेळाडूच्या हातात आणि एक प्रत जिमखान्यात असा नेम ठेवला. पोलीस, सैन्य, रेल्वे यांत गेलेले, क्रीडाशिक्षक झालेले आणि गावी परतून पाड्यावरच्या पोरांना धावायला शिकवणारे, अशा तिघांची नोंद सारख्याच काळजीने करा. शेवटच्या गटातूनच तुमचे पुढचे खेळाडू येतात.

तुमच्या स्वतःच्या वहीत प्रत्येक खेळाडूला दोन पाने द्या. पहिल्या पानावर प्रवेशाच्या महिन्यातली चाचणी, वजन, उंची, हिमोग्लोबिन, गाव, शालेय मार्गदर्शकाचे नाव आणि जुन्या दुखापती. दुसऱ्या पानावर प्रत्येक स्पर्धेची तारीख, ठिकाण, ट्रॅक मातीचा की सिंथेटिक, वेळ हाताची की इलेक्ट्रॉनिक, लांब उडी किंवा छोट्या शर्यतीला वारा मोजला होता की नाही, आणि कितव्या क्रमांकाने तो आला. पदकासाठी वेगळा रकाना ठेवू नका. क्रमांकातच ते कळते. वर्षाअखेरीस पहिली आणि सर्वोत्तम कामगिरी लाल शाईने अधोरेखित केली की तुमचा वार्षिक अहवाल आपोआप तयार होतो, आणि पदोन्नतीच्या वेळी समितीपुढे ठेवायलाही तोच उपयोगी पडतो.

गौरवपत्रासाठी मात्र घाई करा. जुन्या प्रशिक्षकांकडे अशा वह्या असतातच, कपाटाच्या तळाशी, सुतळीने बांधलेल्या. निवृत्तीनंतर कार्यालय रिकामे करताना त्या रद्दीत जातात. निरोपसमारंभाच्या आधी त्यांच्याबरोबर दोन दुपारी बसा, पानांची छायाचित्रे घ्या, आणि प्रत्येक खेळाडूचा शालेय मार्गदर्शक कोण होता आणि वेळ कोणत्या घड्याळावर घेतली होती, हे त्यांच्याच तोंडून विचारून समासात लिहून घ्या. हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही आठवणार नाही. पदकांची यादी त्यानंतर जोडायला एक संध्याकाळ पुरते.